संघ स्वतःचा, मैदान भाड्याचे

चाकणला ज्यांनी कारखाने थाटले त्या परदेशी मंडळींच्या घरी काय चालते, याची चौकशी आपण कधी केली नाही. मुलगी द्यायची असती तर केली असती. तेव्हा कळले असते, की २००९ मध्ये चाकणला कारखाना सुरू करणाऱ्या फोक्सवॅगनच्या मालकीचा जर्मनीत व्हीएफएल वोल्फ्सबुर्ग नावाचा फुटबॉल क्लब आहे आणि २०१५ मध्ये या क्लबने बूट न लागणारा एक खेळाडू करारबद्ध केला. बेनेडिक्ट साल्ट्झर त्याचे नाव. जर्सी क्लबची, बिल्ला क्लबचा, फक्त गोल अंगठ्याने मारायचे, कारण तो फिफा हा व्हिडिओ गेम खेळायचा. शेजारच्या मर्सिडीजचीही हीच तऱ्हा. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात बिऱ्हाडकरू म्हणून आलेली आणि पुढे चाकणला स्वतःच्या घरात गेलेली ही कंपनी. तिच्या फॉर्म्युला वन संघाचा एक ई-स्पोर्ट्स संघही आहे. त्याचा ब्रेंडन ली २०१८ मध्ये जगज्जेता झाला तो खुर्चीत बसून, पेट्रोलचा थेंबही न जाळता. म्हणजे ज्या गाड्यांचे नट आपली पोरे चाकणला आवळतात, त्यांच्या मालकांकडे मैदानातला संघ आणि पडद्यावरचा संघ एकाच पगारपत्रकावर आहेत. पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला मात्र असा संघ अजून आलेला नाही. माझे म्हणणे असे, की तो निघाला तर त्यात नवल काही नाही आणि पाप तर नाहीच. पण तो काढणाऱ्याला काही प्रश्न विचारले पाहिजेत, आणि ते विचारायला या पट्ट्याइतकी लायक माणसे जगात दुसरीकडे सापडायची नाहीत.

आधी नवलाचे पाहू. खेळाच्या संघाने व्हिडिओ गेमचा संघ पाळावा हे ऐकून ज्यांच्या भुवया वर जातात, त्यांनी एवढे आठवावे, की कारखान्याने खेळाचा संघ पाळणे हेही मुळात तितकेच विचित्र होते. औषधे बनवणाऱ्या बायरच्या कामगारांनी १९०४ मध्ये लेव्हरकुसेनला क्लब काढला. दिवे बनवणाऱ्या फिलिप्सने १९१३ मध्ये आइंडहोव्हनला पीएसव्ही काढला. वोल्फ्सबुर्ग हे तर गावच १९३८ मध्ये कारखान्यासाठी वसवले. क्लब मागाहून आला. आपल्याकडे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज आले आणि कंपन्यांपाठोपाठ कंपन्यांचे संघ आले. महाराष्ट्राच्या कबड्डीत व्यावसायिक गट म्हणून जो प्रकार आहे, त्यात बँका, रेल्वे, तेल कंपन्या आणि मोटार कंपन्या एकमेकींच्या तंगड्या धरत आल्या आहेत. ट्रकच्या चासीचा आणि बोनस रेषेचा संबंध काय, असे कोणी विचारले नाही. खेळाडू कामगार म्हणून लागे, हजेरी लावून सरावाला जाई, सुपरवायझर डोळेझाक करी. पुढे गुडघा गेला की तोच गडी स्टोअरमध्ये बसून गेटपास फाडी. ही व्यवस्था कुणालाही हास्यास्पद वाटली नाही, कारण तिच्यात पगार होता. तेव्हा कंपनीने क्लब पाळला आणि क्लबने गेमवाल्यांचा संघ पाळला, तर घराणे तेच आहे. फक्त पिढी बदलली आहे.

शिवाय कच्चा माल आपल्याकडे तयार आहे. पहिली पाळी सुटल्यावर चाकणहून भोसरीकडे निघालेली कंपनीची बस पाहावी. ती तळेगाव चौकात थांबते. तिथे थांबा आहे म्हणून नव्हे, पुढची गाडी हलत नाही म्हणून. मागच्या बाकावर राखाडी गणवेशातले चार शिकाऊ कामगार असतात. ओळखपत्राची नाडी वरच्या खिशात कोंबलेली, अंगठ्यांवर कापडी टोप्या, एकाच इअरफोनचे एक टोक याच्या कानात तर दुसरे त्याच्या. मोबाइल आडवे धरून चौघेही बीजीएमआय हा लढाईचा गेम खेळत असतात आणि बोलणे असे चालते, की अनोळखी माणसाने पोलिसांना बोलवावे: ‘छपरावर एक आहे’, ‘तू कव्हर दे, मी मारतो’, ‘झोन आला रे, पळ’. विमानातून उडी टाकल्यापासून शेवटचा गडी उरेपर्यंत या खेळाला अर्धा तास लागतो. संध्याकाळी तो चौक ओलांडायलाही तेवढाच लागतो. ई-स्पोर्ट्सच्या प्रसारासाठी नाशिक महामार्गाने जे केले ते कुठल्या संघटनेने केले नसेल.

जुन्या क्लबांचा डोळा नेमका या मागच्या बाकावर आहे. क्लबचा मालक खेळ विकत घेत नाही, बघे विकत घेतो. फुटबॉलचे बघे पन्नाशीकडे झुकू लागले आणि त्यांची मुले नव्वद मिनिटे एका जागी बसेनात, तेव्हा युरोपातल्या क्लबांना घाम फुटला. इस्तंबूलच्या बेशिक्ताशने २०१५ मध्ये लीग ऑफ लेजंड्स या गेमचा संघ घेतला. २०१६ मध्ये जर्मनीतल्या शाल्के क्लबने घेतला, त्याच वर्षी पॅरिस सां-जर्मांने घेतला, आणि अमेरिकेत फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या बास्केटबॉलच्या संघाने डिग्निटास आणि एपेक्स असे दोन संघ एका दमात खरेदी केले. बाप मैदानात बसला आहे, पोरगा मोबाइलमध्ये बसला आहे. दोघांच्या अंगात जर्सी मात्र एकाच दुकानातली हवी, एवढाच हिशेब.

यावर पहिला आक्षेप येतो तो घामाचा. बसून खेळतात तो खेळ कसला? भोसरीच्या तालमीत लाल मातीत लोळून मोठे झालेल्या माणसाने हे विचारले तर त्याचा अधिकार मानला पाहिजे. पण हाच माणूस यात्रेच्या दिवशी बैलगाडा शर्यतीच्या घाटात सगळ्यांत पुढे उभा असतो. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत गाड्यावर गाडीवान नसतो. खाली जुंपणारे गाडा सोडतात, पुढे घोडी धावते, बैल घाट चढतात आणि काही सेकंदांत बारी संपते. गाडामालक त्या वेळी फेटा सावरत उभा असतो. घाम बैलांचा, सेकंद घड्याळाचे, गुलाल मालकाचा. मे २०२२ मध्ये चिखलीच्या घाटात झालेल्या शर्यतीत बक्षीस म्हणून जेसीबी ठेवला होता, तो बैलांच्या नावावर झाला असता असे कोणी म्हटले नाही. तरी बैलगाडा हा मर्दानी खेळ! असेना का, माझी तक्रार नाही. पण ज्या तालुक्यात स्वतः जागचे न हलता शर्यत जिंकता येते, तिथे निदान दोन अंगठे तरी हलवणाऱ्याला खेळाडू म्हणायला जड जाऊ नये. सरकारनेही २३ डिसेंबर २०२२ रोजी ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतला एक प्रकार म्हणून मान्यता दिली. त्याआधी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, प्रदर्शनीय प्रकारात का होईना, तीर्थ मेहताने हार्थस्टोन या गेममध्ये कांस्य मिळवले होते.

खेळ खरा आहे की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी घामाची नाही, लबाडीची आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे फॉर्म्युला ईच्या चालकांची घरी बसून संगणकावर शर्यत लावली होती. ऑडी संघाचा डॅनिएल आब्ट, जो एरवी सामान्य वेगाने चालवी, तो एकदम तिसरा आला. चौकशीत निघाले, की त्याच्या जागी एक पट्टीचा गेमर बसला होता. आपल्याकडे पोलीस भरतीपासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत डमी परीक्षार्थ्यांची परंपरा एवढी समृद्ध, की या प्रकाराचे आपल्याला काही वाटू नये. पण ऑडीने त्याला संघातून काढले आणि फॉर्म्युला ईने दहा हजार युरोंचा दंड धर्मादायला भरायला लावला. गंमत म्हणून खेळवलेल्या शर्यतीत नोकरी गेली! ज्यात डमी बसवण्याचा मोह होतो आणि बसवला म्हणून भाकरी जाते, तो खेळ शंभर टक्के खरा. इथे जुन्या संघांचा उपयोगही दिसतो. अंगठ्याच्या खेळालाही मैदानाची शिस्त लावायची तर तिची सवय असलेला मालक लागतो.

हे लोण महाराष्ट्रात आले ते थेट कबड्डीच्या अंगणातून. प्रो कबड्डीतल्या यू मुंबा संघाची मालक असलेल्या यूस्पोर्ट्सने २०१८ च्या जानेवारीत यू सायफर नावाची ई-स्पोर्ट्स स्पर्धा एमटीव्हीवर आणली. मांडीवर थाप मारणाऱ्यांच्या कमाईशेजारी माउस दाबणाऱ्यांचा खर्च मांडला गेला. त्या स्पर्धेतला एक गेम होता रियल क्रिकेट, आणि तो बनवणारी नॉटिलस कंपनी पुण्याची. पुढे पुण्याच्याच जेटसिंथेसिसच्या आधाराने त्याच गेमवर ग्लोबल ई-क्रिकेट प्रीमियर लीग उभी राहिली. २०२५ मध्ये तिच्यातला मुंबईचा संघ सारा तेंडुलकरने घेतला. वडिलांना जे करायला चोवीस वर्षे उन्हात उभे राहावे लागले, ते मुलीच्या संघाला वातानुकूलित खोलीत करता येणार. इंडियन सुपर लीगच्या क्लबांनीही ई-आयएसएल खेळून पाहिली. म्हणजे गेम पुण्यात तयार होतो, बघे चाकणच्या बसमध्ये कोंडून ठेवलेले आहेत, मालकांना हौस आहे. अडले कुठे?

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. लोक म्हणतात, मालकांच्या हौसेचे आम्हांला सांगू नका, आम्ही पुणेकर मालकांना पुरून उरलो आहोत. आणि खरोखरच उरलो आहोत. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये आला आणि २०१५ मध्ये आटोपला. चाकणपट्ट्यातही कारखाना असलेल्या भारत फोर्जच्या कल्याणी समूहाने भारत एफसी काढला, तो आय-लीगचा एक हंगाम खेळून दिसेनासा झाला. डीएसके शिवाजियन्स आला आणि गेला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ बालेवाडीत खेळला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. क्रिकेटमध्ये पुणे वॉरियर्सने तीन हंगाम काढले. रायझिंग पुणे सुपरजायंट तर येतानाच दोन वर्षांची मुदत घेऊन आला होता. दुसऱ्या वर्षी अंतिम सामना एका धावेने हरला आणि मुदत संपल्यावर भाडेकराराप्रमाणे जागा सोडून गेला. पुणेरी पलटण तेवढी टिकली आणि २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला हरवून जिंकलीही. जिथे खऱ्या मैदानावरचे संघ टिकत नाहीत तिथे पडद्यावरचे काय टिकणार?

प्रश्न रास्त आहे, पण दुखणे त्याहून खोल आहे. वर सांगितलेले संघ गेले, फुटबॉल गेला नाही. पोरे दुसऱ्या दिवशीही खेळत होती. ई-स्पोर्ट्सचा संघ ज्या खेळावर उभा असतो तो खेळच कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि इथे चाकणच्या माणसाने कान टवकारावेत. ही स्थिती त्याच्या रोजच्या ओळखीची आहे: हा संघ म्हणजे एकाच कंपनीचे काम करणारा व्हेंडर. शेड स्वतःचे, कर्ज स्वतःचे, कामगार स्वतःचे. पण ड्रॉइंग कंपनीचे, शेड्यूल कंपनीचे, आणि मॉडेल बंद करायचे की नाही तेही कंपनीच ठरवणार. डायवर लाखो रुपये घालावेत आणि एका सोमवारी ईमेल यावी, की पुढच्या तिमाहीपासून हा पार्ट नको. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला तेव्हा केवळ त्याच्यावर विसंबलेल्यांना काय वाटले असेल हे या पट्ट्यात समजावून सांगावे लागत नाही. त्याच वर्षी २ सप्टेंबरला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि देशातल्या संघांचे मैदान एका संध्याकाळी नाहीसे झाले. २०२१ च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय हे नाव घेऊन आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा बंद झाला, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा आला. एवढी ये-जा आपल्याकडे फक्त आघाडी सरकारांत होते.

यावर कोणी म्हणेल, खरी मैदाने तरी कुठे शाश्वत आहेत? २०१६ मध्ये दुष्काळामुळे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले आणि गहुंज्याचा पुण्याचा संघ विशाखापट्टणमला घरचे सामने खेळला. २०२० मध्ये पिंपरीच्या अण्णासाहेब मगर स्टेडियममध्ये कोविडचे जंबो रुग्णालय झाले. हे सगळे खरे. पण सामना विशाखापट्टणमला नेता आला, कारण क्रिकेट कुणाच्या तिजोरीत कुलूपबंद नव्हते. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, ती २०२१ च्या डिसेंबरात उठेपर्यंत साडेसात वर्षे गेली. तेवढी वर्षे शौकिनांनी बैल गोठ्यात सांभाळले, खुराक चालू ठेवला, आणि घाट जागच्या जागी राहिला. सर्व्हर बंद झाल्यावर गोठ्यात काय बांधून ठेवणार? खुद्द फिफाची गत पाहा. जगाच्या फुटबॉलची मालकी मिरवणाऱ्या या संस्थेचे ईए कंपनीशी पैशावरून बिनसले आणि २०२३ पासून तिच्या नावाचा तो गेम ईए स्पोर्ट्स एफसी झाला. गेम ईएकडे राहिला, फिफाकडे नाव उरले. जिथे फिफाला खेळ सांभाळता आला नाही, तिथे चिंचवडच्या एखाद्या संघमालकाने छाती फुगवण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप पालकांचा: पोरे बिघडतील. पोरे आधीच मागच्या बाकावर आहेत, त्यांना संघ निघण्याची वाट पाहायची नाही. पाळीवरून आल्यावर रात्री दोनपर्यंत एकट्याने खेळणाऱ्यापेक्षा प्रशिक्षक, वेळापत्रक आणि करार असलेला खेळाडू कमी बिघडतो, एवढे कुणीही मान्य करील. अर्थात संघात पाच जण जातील आणि पाच हजार तसेच राहतील. पण हे गणित तालमीलाही लागू आहे. पगाराच्या रात्री पैसे लावून खेळायची रमी हे दुखणे वेगळे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यानेही तो भेद केला आहे: पैशांच्या खेळांवर बंदी, ई-स्पोर्ट्सला मोकळीक. काळजी करायची तर ती पोरगा खेळायला लागेल याची नको, खेळणे संपल्यावर त्याचे काय होईल याची करावी. कारण या खेळात विशी-पंचविशीनंतर बोटे मंदावतात असे म्हणतात, आणि ते खोटे ठरले तरी गेमचे आयुष्य खेळाडूच्या आयुष्याहून लहानच असते.

जुन्या संघाने नवा संघ पोसण्याला अर्थ येतो तो इथेच. गेम मरतात, क्लब राहतात. ज्याच्यापाशी दुसरा धंदा आहे, इमारत आहे, नाव आहे, त्याने एक मॉडेल बंद पडल्यावर माणसाला दुसऱ्या मशिनवर लावावे, हीच मालकाची खरी उपयुक्तता. कबड्डीपटूचा गुडघा गेल्यावर त्याला स्टोअरमध्ये बसवणारी जुनी कंपनी ते करत होती. शाल्केने काय केले तेही पाहू. कोळसा खाणीतल्या कामगारांचा हा क्लब १९०४ चा, गाव पिंपरीसारखेच धुराड्यांचे. २०२१ मध्ये त्याचा फुटबॉल संघ पहिल्या श्रेणीतून घसरला, कर्ज डोक्यावर होते, तेव्हा क्लबने लीग ऑफ लेजंड्समधली आपली जागा बीडीएस या संघाला २ कोटी ६५ लाख युरोंना विकली. फुटबॉलपटूंना वर्षभर धावून जे जमले नाही ते बसून खेळणाऱ्यांच्या खुर्च्यांनी करून दाखवले. घर सावरायला हातभार लावला. धंदा म्हणून व्यवहार चोख होता. पण पोसलेल्यानेच पोसणाऱ्याला हात दिला आणि त्याच हाताने त्याला निरोप मिळाला, हेही नोंदवून ठेवायला हवे.

तेव्हा उद्या पुणेरी पलटणीने, चाकणच्या एखाद्या कंपनीने किंवा भोसरीच्या एखाद्या दादांनी ई-स्पोर्ट्सचा संघ काढला आणि चौकाचौकांत अभिनंदनाचे फ्लेक्स लागले, तर हा खेळ आहे का यावर डोके फोडू नका. व्हेंडर विचारतो तेच विचारा. एकाच गेमवर विसंबून आहात की चार आहेत? गेमवाली कंपनी उद्या निघून गेली तर पोरांचा पगार किती महिने चालेल? आणि खेळणे संपल्यावर त्याला दुसऱ्या कुठल्या मशिनवर घेणार? उत्तरे देता आली तर खुशाल हार घाला. जर्सी कशीही शिवा, नाव कुठल्याही वाघा-सिंहाचे ठेवा. पोराच्या हातात नेमणूकपत्र असू द्या आणि त्यावर भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक असू द्या.